मावशीच्या हाताला पुरेल असा रेझिस्टर

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोन जळके रेझिस्टर शेजारी शेजारी पडले होते. पहिला पाच वॉटचा, सहा दिवस टिकलेला. दुसरा दहा वॉटचा, नऊ दिवस टिकलेला. दोन्ही खडूच्या तुकड्यांसारखे पांढरे, पोटाला तडा गेलेले, आणि दोघांनाही तापल्या विटेवर केस जाळल्यासारखा वास.

"हे इथून उचल," आई म्हणाली. "मला ताटं मांडायचीत."

"पुरावा आहे तो."

"मग पुराव्याला बशी दे."

समोर मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि एका क्लिनिकतर्फे घरोघरी जाते. कुणाचं कंबरेचं हाड मोडलेलं, कुणी अर्धांगवायूतून सावरणारं, कुणी नुसतंच घाबरून अंथरुणाला खिळलेलं. रोज नऊ घरं. तिच्या लहानशा पेट्रोल गाडीचं इंजिन गेल्या वर्षी कायमचं बसलं, तेव्हा बाबांनी आणि मी ते काढून तिथे विजेची मोटर बसवली. चार महिने लागले. बाबा एकतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते, त्यांच्या हाताला मोटर नवीन नव्हती. मी नुकतीच फिजिक्सची पदवी घेऊन घरी बसलेली, म्हणजे हिशेब माझ्याकडे.

गाडी उत्तम चालायची. फक्त दोनदा ती मावशीच्या पेशंटच्या दारातच हलेनाशी झाली, आणि त्या दोन दिवसांत मिळून सात घरं चुकली. शुक्रवारी क्लिनिकच्या मोठ्या मॅडमनी तिला बोलावून सांगितलं होतं की पुढचा आठवडा बघते. एक जरी घर चुकलं, तरी एक तारखेपासून तुमचे पेशंट क्लिनिकच्या व्हॅनवाल्या मुलांकडे आणि तुम्ही काउंटरवर, फोन घ्यायला.

"खुर्ची छान आहे म्हणे," मावशी म्हणाली. "गोल फिरते. उंची कमी-जास्त होते."

"मग घे की," आई म्हणाली, मुद्दाम.

"ताई, मी वीस वर्षं लोकांना अंथरुणातून उठवतेय. टेकडीवरचे आजोबा परवा नऊ पावलं चालले. नऊ. ती व्हॅनवाली मुलं त्यांना 'अंकल, कम ऑन' म्हणणार, की ते परत झोपलेच."

हे बोलताना ती हसत होती, पण तिने बशीतला रेझिस्टर उचलला आणि दोन बोटांत असा दाबला की त्याचा अर्धा भाग गळून पडला.

"एवढ्याशा ह्याने माझी गाडी अडते?"

"अडत नाही, तो गेला की मीच अडवते," मी म्हटलं आणि तिला पुन्हा एकदा समजावलं. मोटरला वीज मोजून देणारा एक डबा असतो, कंट्रोलर. त्याच्या पोटात मोठे कपॅसिटर असतात, म्हणजे विजेच्या रिकाम्या टाक्याच. एकशे चव्वेचाळीस व्होल्टची बॅटरी त्यांना एकदम जोडली, तर टाक्या एका क्षणात भरायला बघतात आणि प्रचंड करंट धावतो. मुख्य स्विच, ज्याला बाबा कॉन्टॅक्टर म्हणतात, त्याची तोंडं ठिणगीने वितळून एकमेकांना चिकटतात. मग चावी बंद केली तरी गाडी बंद होत नाही. म्हणून चावी फिरवल्यावर पहिले एक-दोन सेकंद वीज ह्या रेझिस्टरमधून जायची, बारीक धारेने. टाक्या नव्वद टक्के भरल्या की मगच कॉन्टॅक्टर ओढला जातो. रेझिस्टर जळला तर टाक्या भरत नाहीत, आणि टाक्या भरल्या नाहीत तर गाडी जागची हलायची नाही, अशी व्यवस्था मीच केली होती.

"म्हणजे तू मला माझ्या भल्यासाठी अडवतेस," मावशी म्हणाली. "ताई, ही तुझ्यावर गेलीय."

एवढ्यात बाबा आतून आले. त्यांच्या हातात पाण्याच्या बाटलीएवढी हिरवी नळी होती, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या.

"सहा मजली लिफ्टमधून काढलेला रेझिस्टर आहे. तीनशे वॉट," ते म्हणाले आणि नळी टेबलावर ठेवली. बशी हलली. "हा लाव. हा जळला तर मी मिशी काढीन."

"बाबा, एवढा मोठा लागतच नाही. एका वेळची ऊर्जा एकशे चार ज्यूल आहे. एक किलोची पिशवी तिसऱ्या मजल्यावर न्यायला लागते तेवढी."

"आणि तरी दोन जळले."

"मालच हलका निघाला असेल."

"दोन वेगळ्या दुकानांतला?" बाबा आईकडे वळले. "बघ, मोजपट्टीला उत्तर सुचत नाहीये. तारीख लिहून ठेव."

मोजपट्टी हे माझं घरातलं नाव. सहाव्या वर्षी मी केकचे तुकडे पट्टीने मोजून वाटले होते, तेव्हापासूनचं.

मला उत्तर सुचत नव्हतं हे खरं. मी तिसरा रेझिस्टर बसवला, दहा वॉटचाच पण ह्यावेळी नावाजलेल्या कंपनीचा, सत्तेचाळीस ओहम. त्याला थर्मामीटर चिकटवला आणि दुपारभर गाडीत बसून चावी फिरवली. चालू, टक असा बारीक आवाज, मग कॉन्टॅक्टरचा ठक असा मोठा, बंद. वही काढायची, वेळ लिहायची, तापमान लिहायचं, पुढची ओळ आखायची, पुन्हा चालू. वीस वेळा केलं. वीसही वेळा रेझिस्टर जरासा तापून निवला. रेझिस्टर निर्दोष होता, हिशेब निर्दोष होता. जळायचं काही कारणच नव्हतं.

"मग तो फक्त माझ्याबरोबर जळतो," मावशी म्हणाली.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर."

सोमवारी मी मागच्या सीटवर बसले, शेजारी व्यायामाचे रबरी पट्टे, दोन वजनं आणि माझी वही. पायाशी सुटा रेझिस्टर, मीटर आणि स्क्रूड्रायव्हर. मावशी शाळेत परीक्षा द्यायला निघालेल्या मुलीसारखी ताठ बसली होती. तिने चावी एकदाच फिरवली, हळूच, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर?"

"तू नेहमी करतेस तसंच कर. मी नाही असं समज."

"तू आहेस तर नाही कसं समजू?"

पहिली सहा घरं सुरळीत पार पडली. एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना गुडघा वाकवायला सांगितला की ते हवामानावर बोलायचे. एक गाणं शिकवणाऱ्या बाई, खांदा आखडलेल्या, दुखलं की अगदी सुरात ओरडणाऱ्या. मी गाडीतच थांबत होते, पण खिडक्यांतून ऐकू यायचं. मावशी आत गेली की घराचा आवाज बदलायचा. आधी भांडी आणि टीव्ही, मग तिचं "हं, अजून एक, हे शेवटचं", मग दहा मिनिटांनी परत "हे शेवटचं", आणि मग कुणाचं तरी दमलेलं, खूश हसू. तिला खुर्चीत बसवणं म्हणजे काय होईल, ते मला तोवर नीट कळलं नव्हतं.

दर वेळी बाहेर आली की ती आरशात बघायची, चावी एकदा फिरवायची, आणि गाडी निघायची. माझ्या वहीत सहा ओळी झाल्या. सगळ्या सारख्या. मला राग यायला लागला होता, कारण सारख्या ओळींतून काहीच निघत नाही.

सातवं घर टेकडीवरच्या आजोबांचं. आजोबा चौदा पावलं चालले. मावशी जिन्यावरून धावतच खाली आली आणि गाडीत बसते तोच फोन वाजला. मोठ्या मॅडम. फोन खांद्याशी धरून तिने आरशाकडे न बघताच चावी घातली.

"हो मॅडम, सात झाली," ती म्हणाली. चालू. टक, ठक. बंद. "नाही, गाडी छान आहे." चालू. टक, ठक. बंद. "शनिवारपर्यंत सगळी होतील, मी म्हटलंय ना तुम्हाला." चालू, बंद. "खुर्ची आलीसुद्धा?" चालू, बंद. चालू, बंद.

मी मागे बोटांवर मोजत होते. अर्ध्या मिनिटात सात वेळा. सातव्या वेळी टक झालं, ठक झालं नाही. मग तो वास आला.

मावशीने फोन ठेवला आणि चावीकडे बघत राहिली.

"मावशी, तू हे काय करत होतीस?"

"काय करत होते?"

"चावी. सात वेळा."

"छे. दोनदा-तीनदा फिरवते मी. पंपासाठी." बोलता बोलता ती थांबली.

त्या पेट्रोल गाडीचा पंप म्हातारा होता. चावी फिरवली की घूं करायचा, पण एका घूंमध्ये पेट्रोल वरपर्यंत चढायचं नाही. म्हणून एकदा फिरवायची, घूं ऐकायचं, बंद. परत एकदा. तिसऱ्यांदा इंजिन सुरू. घाई असली किंवा पुढे चढ असला तर चार-पाच वेळा. असं तेरा वर्षं. पंप आम्ही काढून टाकला होता, पण पंपाची सवय मावशीच्या मनगटात तशीच राहिली होती. मी बघत असताना ती शहाण्यासारखी वागत होती, आणि मी एकटी असताना प्रत्येक फेरीनंतर वहीत ओळ आखत होते. त्या मिनिटभरात रेझिस्टर निवांत थंड व्हायचा. मी जो प्रयोग वीस वेळा केला, त्यात मावशी कुठेच नव्हती.

"म्हणजे मीच जाळले तिन्ही," ती म्हणाली.

"आधी गाडी सुरू करू. दोन घरं राहिलीत."

बॅटरीची जोडणी खेचून काढली, मीटरने शून्य व्होल्ट बघितले, डब्याचं झाकण उघडलं. आजोबा वरच्या खिडकीतून विचारत होते की डॉक्टर बोलावू का. नऊ मिनिटांत सुटा रेझिस्टर बसला. त्यानंतरच्या दोन्ही घरांहून निघताना चावी मी फिरवली, मागच्या सीटवरून पुढे वाकून, एकदाच. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. नऊ घरं झाली.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही.

"मी ती खुर्ची घेते," ती म्हणाली. "हाताला सांगून कळत नाही. शेवटच्या घरी मी ठरवून बसले होते, की हिला हात लावू देणार नाही, मी एकदाच फिरवीन. हात मांडीवरच आपोआप तीनदा वळला, त्यात चावी नव्हती तरी. आता टेकडीवर अडकले, की आजोबांना कोण सांगणार?"

"चिठ्ठी लावू," आई म्हणाली. "स्टिअरिंगवर. 'एकदाच'."

"मीही तेच म्हणणार होते," मी म्हटलं. "आठवडाभर लक्ष ठेवलंस तर सवय जाईल."

बाबा इतका वेळ खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. "लिफ्टचं बटण लोक किती वेळा दाबतात?" त्यांनी मला विचारलं.

"एकदा दाबलं तरी पुरतं."

"ते मी नाही विचारलं."

"दहा वेळा दाबतात."

"पंधरा. घाईत असले तर मुठीने. एकतीस वर्षांत मी एकाही माणसाला सांगितलं नाही की बाबा रे, एकदाच दाब. आम्ही बटणच असं घेतो, की ज्याला पंधराचं काही वाटत नाही." मग ते मावशीकडे वळले. "तुम्ही फिरवा हो सात वेळा. तुमच्या मनगटात दोष नाही, हिच्या वहीत आहे."

"भावोजी, उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"मी? विचारा तुमच्या ताईला, मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोललोय का."

"लग्नाआधी एकदा," आई म्हणाली.

मी वही उघडली. बाबांचं बोलणं मला जरा लागलं होतं, पण ते चूक नव्हतं. मी हिशेब एका वेळेचा केला होता, कारण पुस्तकात तो एका वेळेचा असतो. खरा हिशेब असा होता: एकशे चार गुणिले सात, सातशे अठ्ठावीस ज्यूल, तीस सेकंदांत. म्हणजे सरासरी चोवीस वॉट. दहा वॉटच्या कांडीने ते सहा वेळा सोसलं, हेच खूप झालं. त्यात बाबांची एक गोष्ट होती. लिफ्टवाल्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी चावी बंद होताच कपॅसिटर सेकंदात रिकामे करणारी वेगळी जोडणी केली होती, कुणाला शॉक बसू नये म्हणून. त्यामुळे दर वेळी टाक्या तळापासून भराव्या लागत होत्या.

"म्हणजे तुमचाही हात आहे ह्यात," मी त्यांना म्हटलं.

"माझा हात सुरक्षिततेसाठी आहे." त्यांनी हिरवी नळी पुढे सरकवली. "आता तरी हा लावतेस?"

मी मीटर लावला. चारशे ओहम.

"नाही चालणार."

"तीनशे वॉट आहेत."

"वॉट चिकार आहेत. किती तापलं तर चालेल ते वॉट सांगतात. पण टाक्या किती वेळात भरणार ते ओहम ठरवतात. चारशे ओहमवर नव्वद टक्क्यांना नऊ सेकंद लागतील, आणि तुम्ही मावशीला ओळखता. दोन सेकंदांत गाडी बोलली नाही तर ती काय करेल?"

बाबांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने प्रामाणिकपणे मनगट फिरवून दाखवलं.

"गाडी कधीच निघायची नाही," बाबा म्हणाले आणि नळी मांडीवर घेतली, मांजर घ्यावं तशी.

म्हणजे ओहम पन्नासच्या आसपासच हवेत, आणि अंगात ताकद भरपूर हवी. दुकान बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. मी सायकल काढली आणि सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातले दोन रेझिस्टर घेऊन आले, प्रत्येकी शंभर ओहम, पन्नास वॉट. दोन्ही शेजारी शेजारी जोडले की मिळून पन्नास ओहम होतात आणि तापणं दोघांत वाटलं जातं. बाबांनी ते गाडीच्या लोखंडी तळपट्टीवर स्क्रूने घट्ट बसवले, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून, म्हणजे तापलेलं सगळं गाडीच्या सांगाड्यात उतरेल.

चाचणी ह्यावेळी मी केली नाही. मावशीला बसवलं.

"किती वेळा फिरवू?"

"तुला वाटेल तितक्या वेळा. मॅडमचा फोन आहे असं समज."

"त्याने होणार नाही. ताई, तू मॅडम हो."

आई कमरेवर हात ठेवून खिडकीशी उभी राहिली. "मग, किती घरं झाली तुमची?"

"नऊ मॅडम." चालू, बंद. "सगळी." चालू, बंद.

"आणि ती खुर्ची पडून आहे, तिचं काय करायचं?"

"तुम्हीच बसा," मावशी म्हणाली आणि चावी अशी फिरवायला लागली की टक आणि ठक एकमेकांच्या पाठीला लागले. मी खाली गुडघ्यांवर बसून थर्मामीटर वाचत होते. सात वेळा झालं, आकडा चढला. पंधरा झालं. मावशीला आता मजा यायला लागली होती आणि आई मॅडम म्हणून काहीही बोलत होती, माहेरच्या जुन्या तक्रारीसुद्धा. तीस झाल्यावर मी हात वर केला. एकसष्ट अंश. सोसू शकतील त्याच्या निम्म्यालाही पोचले नव्हते.

"अजून दहा करू?" मावशीने विचारलं.

"कर."

चाळीसला अडुसष्ट झाले. वास नाही, तडा नाही. मावशी उतरली, वाकली आणि ते दोन सोनेरी तुकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग सोप्यात जाऊन तिने चप्पल काढली आणि जेवायला थांबली.

मंगळवारपासून मी बरोबर जाणं बंद करायला हवं होतं, पण गेले. कारण सांगायचं तर निरीक्षण. मावशीला आता आरशात बघायची गरज वाटत नव्हती. पोस्टमास्तरांकडून निघताना तीन वेळा, गाण्याच्या बाईंकडून चार. मंगळवारी नऊ घरं, बुधवारी नऊ, गुरुवारी पावसात नऊ. शुक्रवारी टेकडीच्या आधी एक ट्रक आडवा आला, गाडी बंद करून थांबावं लागलं. मग निघताना तिने चावी पाच वेळा फिरवली आणि पाचव्या ठकबरोबर चढाला लागली. आजोबा फाटकापर्यंत आले होते, काठीवर. मोजायला मी विसरले.

शनिवारी दुपारी नववं घर झालं आणि मॅडमचा फोन आला. मावशीने तो स्पीकरवर टाकून पुढच्या काचेखाली ठेवला.

"झाली सगळी?"

"आठवड्याची चोपन्न. व्हॅनवाल्या मुलांना सांगा, तुमची तुम्ही घरं शोधा."

पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "मग एक काम करा. नदीपलीकडे एक केस आहे, बाई आहेत, सत्तरीच्या. कंबरेचं ऑपरेशन झालंय. मुलं दोनदा गेली, त्यांनी दोन्ही वेळा दार उघडलं नाही. आवाज आवडला नाही म्हणे त्यांना."

"माझा आवडेल?"

"तुमचा कुणाला आवडत नाही असं मी अजून ऐकलं नाही. बघाल?"

मावशीने आधी सगळी माहिती काढली. रस्ता कुठून जातो विचारलं, पुलावर किती गर्दी असते ते विचारलं, दार उघडायला कोण असतं, घरात पायऱ्या किती. मग डायरी काढून सोमवारच्या पानावर, नवव्या नावाखाली, दहावं नाव लिहिलं.

"आत्ताच जाऊन तोंड दाखवून येते," ती फोनला म्हणाली. "सोमवारी अनोळखी नको वाटायला."

फोन ठेवून ती मागे वळली.

"तू उतर आता."

"का? मी येते की."

"तू वही घेऊन बसतेस. त्यांना वाटेल चौकशी आली." तिने हात लांबवून माझं दार उघडलं. "आणि वाटेत क्लिनिकमधून वॉकर घ्यायचाय. तो मागच्या सीटवर आडवाच बसतो."

मी वही घेऊन फुटपाथवर उतरले. बस स्टॉप दोन चौक पुढे होता.